मोगली नागपूरचा शेजारी होता! मग टीव्हीवर पाहताना हे कुणालाच का कळलं नाही?

रविवारची सकाळ. छतावरचा अँटेना नीट बसलाय, लाईन गेलेली नाही, आणि दूरदर्शनवर चड्डी घातलेला एक पोरगा वेलीला लटकत या झाडावरून त्या झाडावर चाललाय. नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही विचारा, हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं. आजही मोगलीच्या शीर्षकगीताचं रील कुणी टाकलं की खाली कमेंट्सची रांग लागते. "तो काळच वेगळा होता", "तेव्हाचे कार्यक्रम काहीतरी शिकवायचे", वगैरे.

शिकवायचे हे खरं. पण मोगलीने नेमकं काय शिकवलं, हे तपासायचं असेल तर त्यासाठी नागपूरइतकी चांगली जागा दुसरी नाही. कारण ज्या जंगलात मोगली वाढला, ते जंगल नागपूरपासून गाडीने अडीच-तीन तासांवर आहे. सेमिनरी हिल्सवरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडे बघत मोठे झालेले कित्येक पोट्टे मोगली दर आठवड्याला पाहायचे, आणि त्यातल्या बहुतेकांना हे जंगल आफ्रिकेत तरी असावं किंवा कुठेच नसावं असंच वाटायचं.

जपानी मालिका, हिंदी आवाज

मालिका मूळची जपानी. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने ती बनवली आणि १९८९-९० मध्ये ती जपानच्या टीव्हीवर आली. एकूण ५२ भाग. भारतात ती १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीतून सुरू झाली. शीर्षकगीत गुलजार यांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं. गाण्यातल्या 'चड्डी' या शब्दावर तेव्हा आक्षेपही घेतला गेला होता. गुलजार यांनी शब्द बदलला नाही आणि आज तोच शब्द सगळ्यांना पहिल्यांदा आठवतो. शेरखानला आवाज होता नाना पाटेकर यांचा. २०१६ मध्ये डिस्नेचा 'द जंगल बुक' हिंदीत आला तेव्हाही शेरखान नानाच होते, आणि गाणंही पुन्हा नव्याने करावं लागलं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर दूरदर्शनने जुन्या मालिका बाहेर काढल्या, त्यात हीसुद्धा होती.

आता जरा गंमत बघा. इंग्रज लेखकाने अमेरिकेत बसून लिहिलेली गोष्ट, जपानी चित्रकारांनी काढलेली, हिंदीत बोलणारी, आणि पाहणारी मुलं मराठी. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतला. 'द जंगल बुक' १८९४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ते त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहताना लिहिलं. ज्या सिवनीच्या टेकड्यांमध्ये गोष्ट घडते तिथे तो गेल्याची नोंद नाही. मग इतके बारकावे आले कुठून? त्याचा मोठा आधार होता रॉबर्ट स्टर्नडेल या ब्रिटिश अधिकाऱ्याचं १८७७ मधलं पुस्तक. सातपुड्यातल्या सिवनी भागात शिकारीच्या मुक्कामात काय दिसलं, याचं वर्णन त्यात आहे.

सिवनी आज मध्य प्रदेशात आहे. पण किपलिंगने हे लिहिलं तेव्हा सिवनी जिल्हा मध्य प्रांतात होता आणि मध्य प्रांताची राजधानी होती नागपूर. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत दोन्ही एकाच राज्यात होते. म्हणजे मोगलीचं जंगल कागदोपत्री बरीच वर्षं नागपूरच्याच कारभारातलं. पुढे रेघ ओढली गेली आणि मोगली पलीकडे राहिला. मध्य प्रदेशने त्याचा फायदाही व्यवस्थित घेतला. तिकडे शाळकरी मुलांसाठी पेंचमध्ये 'मोगली उत्सव' भरवला जातो, पर्यटनाच्या जाहिरातीत मोगली असतो. आपल्याकडे पेंच म्हटलं की वीकेंडची सफारी आणि रिसॉर्टचे दर एवढंच पुढे येतं.

वैनगंगा ती हीच

पुस्तकात मोगलीच्या नदीचं नाव आहे वैनगंगा. हो, तीच. सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावणारी, बालाघाटवरून भंडाऱ्यात येणारी, पुढे गोसीखुर्दच्या धरणात अडणारी आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मधून वाहणारी. कुही तालुक्यातल्या आंभोऱ्याला नागपूरकर संगम बघायला आणि मासे खायला जातात, तिथे कन्हान जिला मिळते तीही हीच.

आणखी एक धागा आहे. पेंच नदी पेंचच्या जंगलातून खाली येऊन कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. नागपूर शहराच्या नळाला येणारं पाणी पेंच आणि कन्हान याच दोन नद्यांचं. टीव्हीसमोर बसून ग्लासातलं पाणी पिणारी मुलं मोगलीच्याच खोऱ्यातलं पाणी पीत होती!

महाराष्ट्रातल्या पेंचला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा. मालिका चालू होती त्या काळात सिल्लारीला जाऊन येणं आजच्याइतकं प्रचलित नव्हतं. पण शाळेच्या सहलीत कुणी साधा नकाशा दाखवला असता तरी चाललं असतं.

टीव्हीवरचे प्राणी आणि खरे प्राणी

मालिकेने मुलांना जंगलाची गोडी लावली, यात शंका नाही. प्राण्यांना स्वभाव असतात, घर असतं, भीती असते, हे तिने शिकवलं. पण तपशिलात बराच गोंधळ होता. मोगलीचा दोस्त किची आठवतोय? तो लाल पांडा. लाल पांडा पूर्व हिमालयातला प्राणी. सातपुड्यात त्याचं काहीच काम नाही. मोगलीच्या हातातलं बूमरँगही पुस्तकात नाही. (ते पाहून फळीचे तुकडे कापून भिरकावणारी आणि शेजाऱ्यांची बोलणी खाणारी पोरं गल्लोगल्ली होती, हा भाग वेगळा.)

बाकी मंडळी मात्र इथलीच. बघीरा म्हणजे काळा बिबट्या. ही वेगळी जात नसते. रंगद्रव्य जास्त असलेला साधा बिबट्याच. ताडोबात असा बिबट्या दिसल्याचे फोटो आहेत, पेंचमध्येही दिसलाय.

बल्लूचं प्रकरण मात्र उलटं आहे. मालिकेतला बल्लू म्हणजे प्रेमळ मास्तर. विदर्भातल्या जंगलालगतच्या गावात मात्र अस्वलाचं नाव काढलं की लोक गंभीर होतात. मोहफुलं वेचण्याचा हंगाम आला की पहाटे अंधारात माणसं मोहाच्या झाडाखाली जातात आणि त्याच फुलांवर अस्वलाचाही डोळा असतो. अस्वलाला लांबचं नीट दिसत नाही. माणूस अचानक जवळ आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. तोंडावर, डोक्यावर मारतं. वाचलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ती खूण जन्मभर राहते.

रानकुत्रे, ज्यांना विदर्भात कोळसून म्हणतात, ते किपलिंगकडे दख्खनमधून येणारी लाल धाड म्हणून येतात, सगळं फस्त करणारी. प्रत्यक्षात रानकुत्रा हा संकटग्रस्त प्राणी आहे आणि पेंच हे त्याचं चांगलं घर आहे.

आणि लांडगे? ज्यांनी मोगलीला वाढवलं त्यांची अवस्था सगळ्यात वाईट. भारतीय लांडगा दाट जंगलापेक्षा माळरानावर जास्त रमतो. महाराष्ट्रात तो सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याकडच्या गवताळ पट्ट्यात आहे. माळरानाला सरकारी कागदांत अनेकदा 'पडीक जमीन' म्हटलं जातं, त्यामुळे ते वाचवायला कुणी पुढे येत नाही. देशभरात सुमारे तीन हजार लांडगे उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेत वाघ होते ३,६८२. मोगलीच्या आईबापांपेक्षा शेरखानची संख्या आज जास्त आहे.

जाता जाता, लांडग्यांनी मूल वाढवणं खरंच शक्य आहे का, हा प्रश्न दरवेळी येतो. १८३१ मध्ये सिवनी भागात असा मुलगा सापडला होता, असं पेंचमध्ये पर्यटकांना सांगितलं जातं आणि त्यासाठी ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनचा हवाला दिला जातो. स्लीमनचं लांडग्यांच्या मुलांवरचं लिखाण १८५२ चं, आणि त्यातले किस्से मुख्यतः अवधचे आहेत. असा एकही किस्सा शास्त्रीय कसोटीवर टिकलेला नाही. गोष्ट म्हणून छान आहे, तेवढंच.

जंगलात एकच माणूस?

मालिकेने शिकवलेली सगळ्यात चुकीची गोष्ट मात्र प्राण्यांबद्दलची नाही. पडद्यावर जंगलात एकच माणूस असतो, बाकीचे सगळे कुंपणापलीकडच्या गावात. विदर्भाचं खरं जंगल असं कधीच नव्हतं. हा गोंडांचा मुलूख. मोह, तेंदूपत्ता, सरपण, गुरांची चराई यासाठी माणसं रोज आत जातात, कारण घर त्यावर चालतं.

आणि इथे शेरखान परत येतो. टीव्हीवर तो दुष्ट होता म्हणून दुष्ट होता. पुस्तकातलं कारण जास्त विचार करण्यासारखं आहे. तिथला शेरखान जन्मापासून एका पायाने लंगडा आहे, म्हणून तो गुरं मारतो. जखमी किंवा म्हातारे वाघ सोपं सावज शोधत गावाकडे सरकतात, हे आजचे वनाधिकारीही सांगतात. माणूस मारायचा नाही, हा जंगलाचा कायदाही पुस्तकात दयेपोटी आलेला नाही. माणूस मारला की बंदुका घेऊन माणसं येतात आणि मग सगळ्या जंगलाला भोगावं लागतं, असं त्याचं कारण दिलंय.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात असंच घडलं. अवनी ऊर्फ टी-१ या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिला गोळी घालण्यात आली. सोशल मीडियावर देशभर हळहळ व्यक्त झाली. पांढरकवड्याकडच्या गावांत मात्र लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही भावना खऱ्या होत्या, पण पहिली भावना ज्यांची होती त्यांना सकाळी कापूस वेचायला जायचं नव्हतं. अवनीची मादी बछडी पकडून आणली गेली ती पेंचमध्ये, मोगलीच्याच जंगलात. तिला शिकार यावी म्हणून मोठ्या कुंपणात ठेवलं. मार्च २०२१ मध्ये ती मोकळ्या जंगलात सोडली गेली आणि काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन मेली. अनाथ पिल्लाला जंगलाने सांभाळून घेण्याची गोष्ट इथे घडली नाही.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. नागपूर स्वतःला देशाची व्याघ्र राजधानी म्हणवतं आणि त्यात अभिमान वाटावा असं बरंच आहे. पण मे २०२५ मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या, ही बातमी किती जणांच्या फीडवर आली? वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देतं. रकमेबद्दल तक्रार नसते. प्रश्न असतो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जंगलात जाण्याचा.

काही गोष्टी जमल्याही आहेत. नागपूर-सिवनी महामार्ग, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४, पेंचच्या जंगलातूनच जातो. तो रुंद करताना कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी मार्ग ठेवले गेले. त्यातला सर्वांत मोठा ७५० मीटरचा. २०१९ मध्ये तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ प्रजाती टिपल्या गेल्या. त्यात वाघ होता, बिबट्या होता आणि कळपाने जाणारे कोळसूनही. वरून ट्रक, खालून शेरखान.

मोठेपणी मोगलीचं काय झालं?

हे मालिकेत नाही. पण किपलिंगने मोगलीवरची एक कथा 'जंगल बुक'च्याही आधी, १८९३ मध्ये छापली होती. त्यात मोगली मोठा झालेला आहे. एक वनाधिकारी त्याचं जंगलाचं ज्ञान पाहून थक्क होतो आणि मोगली वनखात्याच्या नोकरीला लागतो. पगार, वर पेन्शन. म्हणजे आजच्या भाषेत वनरक्षक.

वनरक्षकाचं काम आजही बरंचसं पायीच असतं. व्याघ्रगणनेच्या आधी ठरलेल्या रस्त्याने चालत ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे नोंदवायचे असतात. हातात काठी, सोबत दोन-तीन मजूर. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात अशाच कामावर निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाटेत वाघीण बसलेली दिसली. त्या थांबल्या, वाट पाहिली, मग वळसा घालून जायला निघाल्या. वाघिणीने मागून हल्ला केला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षीची गणना नंतर पुन्हा सुरू झाली; ३,६८२ हा आकडा त्याच गणनेतला आहे.