गंगथडी (परभणी जिल्हा)

गंगथडी : परभणी जिल्ह्यातील गोदावरीच्या दोन्ही काठांवरील गावांचा पट्टा. गोदावरीला या भागात गंगा म्हणण्याचा प्रघात असल्याने तिच्या थडीला, म्हणजे काठाला, हे नाव पडले; पैठणपासून नांदेडपर्यंतच्या सगळ्या काठाला ते लावले जात असले, तरी प्रस्तुत नोंद परभणी जिल्ह्यापुरती आहे आणि तीत गावातील राहणी व घरजमिनीवरील हक्क यांचा प्रामुख्याने विचार केला आहे. नदी बीड जिल्ह्याच्या सीमेवरून पाथरी तालुक्यात येते आणि मानवत, सोनपेठ, परभणी, गंगाखेड, पालम व पूर्णा या तालुक्यांतून किंवा त्यांच्या हद्दींवरून वाहत नांदेड जिल्ह्यात शिरते. वाण नदी वाणीसंगमपाशी, मासोळी गंगाखेडच्या परिसरात आणि दुधनेचे पाणी घेऊन आलेली पूर्णा कंठेश्वरजवळ तिला मिळते. काठापासून आत गेल्यावर खोल काळी जमीन लागते. अगदी पात्रालगत पुराने आणून टाकलेल्या गाळाची मळई असते, जी काही वर्षे टिकते आणि एखाद्या पुरात वाहूनही जाते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर परभणी जिल्ह्यात नऊ तालुके उरले व २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १८,३६,०८६ भरली.

गंगथडीचा लिखित इतिहास बव्हंशी पाथरीचा इतिहास आहे, आणि त्यातील सर्वांत गाजलेले प्रकरण मुळात वतनाचे, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या मिळकतीचे आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण असून त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. पाथरी त्या काळी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत पाथरीच्या भाऊबंदांनी आपल्या जुन्या हक्काची आठवण दरबारात करून दिल्यावर निजामशहाने अधिक उत्पन्नाचा दुसरा परगणा देऊ करून पाथरीची मागणी केली. इमादशहाने ती नाकारली, तेव्हा १५१८ मध्ये पाथरीवर स्वारी होऊन ती घेण्यात आली. पुढे हा मुलूख आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम देऊन टाकल्याचे व तो मोगल अंमल येईपर्यंत त्यांच्याकडे राहिल्याचेही फरिश्ता नमूद करतो. दोन सुलतानांमध्ये या परगण्यासाठी पुढेही लढाई झाली. एका कुलकर्णी वतनापायी राज्ये लढावीत ही गोष्ट फरिश्त्याला नवलाची वाटली असावी. मराठी मुलखातील वतनाचे महत्त्व ज्ञात असणाऱ्याला ती तशी वाटू नये. मोगल अमलात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. अठराव्या शतकात हा प्रदेश आसफजाही निजामाच्या राज्यात गेला आणि सप्टेंबर १९४८ मधील भारत सरकारच्या पोलीस कारवाईपर्यंत तेथेच राहिला.

आजच्या जमिनीच्या कागदांची मुळे निजामाच्या कारभारात आहेत. पहिल्या सालारजंगाने दिवाणगिरी स्वीकारल्यावर (१८५३) वसुलीचा मक्ता घेणाऱ्यांची पद्धत हळूहळू मोडीत निघून रयतवारी आली, म्हणजे शेतसारा थेट कसणाऱ्याच्या नावावर बसू लागला, आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने जिल्हा व तालुका ही उतरंड पक्की झाली. गावे तीन प्रकारची होती : दिवाणी किंवा खालसा गावांचा सारा सरकारात जाई, जहागिरी गावांचा जहागीरदाराकडे, आणि सर्फ-ए-खास गावांचा निजामाच्या खाजगी खजिन्यात. गावपातळीवर पोलीस पाटील बंदोबस्त पाही, माली पाटील वसुली करी आणि पटवारी कागद राखी. हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा (फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०७) असून त्याने ज्याच्या नावे सारा लागे त्या पट्टेदाराबरोबरच शिकमीदारालाही, म्हणजे जमिनीत हिस्सा असूनही मुख्य खातेदार म्हणून नाव न लागलेल्या माणसालाही, जागा दिली. दप्तर उर्दूत असल्याने अनेक घरांतील सर्वांत जुना कागद आजही घरात कोणाला वाचता येत नाही, आणि वाटणीचा दावा न्यायालयात गेला की प्रथम उर्दू जाणणारा भाषांतरकार शोधावा लागतो.

जहागिरी ऑगस्ट १९४९ मध्ये खालसा झाल्या. त्यानंतर आलेला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा (१९५०) हा गंगथडीच्या मालकीच्या इतिहासातील सर्वांत परिणामकारक कायदा मानला पाहिजे. दुसऱ्याची जमीन दीर्घकाळ कसणाऱ्याला त्याने ‘संरक्षित कूळ’ ठरविले आणि पुढे कलम ३८-ई खाली अशा कुळांना ठराविक किंमत भरून मालक होता आले. या जमिनी विकताना कलम ५०-ब प्रमाणे परवानगी लागत असे; ती न घेता झालेले व्यवहार एक-दोन पिढ्यांनंतर उकरले जाऊ लागले, म्हणून २०१४ च्या दुरुस्तीने दहा वर्षे उलटलेल्या प्रकरणांत शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून मोकळीक देण्याची सोय केली. १९५४–५५ मध्ये सर्वत्र खासरा पाहणी झाली : कोणत्या सर्व्हे नंबरात प्रत्यक्ष कोण वहिवाट करतो, याची ती गाववार नोंद. मराठवाड्यात मालकीचा वाद निघाला की ‘खासऱ्याला कोणाचे नाव आहे’ हाच पहिला प्रश्न असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ रोजी अमलात आल्यावर सातबारा उतारा रूढ झाला. पूर्वीचे पटवारी तलाठी झाले आणि २०२४ पासून तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे आहे. कमाल जमीन धारणा कायद्याने (१९६१, सुधारित १९७५) एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन ५४ एकर आणि बारमाही बागायत १८ एकर अशी मर्यादा घातली, तथापि मर्यादा लागू होण्याआधी कागदावर झालेल्या वाटण्यांचे फेरफार जुन्या दप्तरांत पुष्कळ आढळतात.

इनाम जमिनींचा गुंता वेगळा आहे. मंदिर, मशीद किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश आणि व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली ती मदतमाश. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने व्यक्तिगत इनामे संपविली, देवस्थानांची वगळली. त्यामुळे पुजारी किंवा मुजावर कसत असलेली जमीन त्याच्या घराण्याची वाटली तरी देवाचीच राहते आणि तिच्यावर पीककर्ज मिळणेही अवघड होते. मदतमाश जमीन पूर्ण मालकीची करून घेण्यासाठीचा नजराणा २०२४ मध्ये बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला.

काही सर्व्हे नंबर असे आहेत की ज्यांच्या मौज्यात माणूस राहत नाही. महसुली भाषेत अशा गावाला बेचिराग म्हणतात. पूर, रोगराई किंवा पेंढाऱ्यांच्या काळातील लूट अशी उठून जाण्याची कारणे सांगितली जातात. शिवार शेजारच्या गावचे लोक कसतात, आणि जुन्या वस्तीच्या जागी पांढऱ्या मातीचे टेकाड व मारुतीचे ठाणे एवढेच उरलेले असते.

प्राचीन अवशेषांत गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर श्रेष्ठ आहे. यादवकालीन शैलीचे हे देवालय नदीकाठी उंच जोत्यावर उभे असून त्याच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पे आहेत. शिखर मात्र विटांचे आहे, आणि दगडी भिंतींवर विटांचा भार पेलण्याची ही रीत अभ्यासकांनी आवर्जून पाहावी अशी आहे. पाथरी तालुक्यातील मुद्गल येथे मुद्गलेश्वराचे मंदिर प्रत्यक्ष पात्रात असल्याने पुराच्या वेळी ते पाण्यात असते. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव म्हणून वारकरी संप्रदायात प्रसिद्ध असून तेथील घाटांवर पर्वकाळी स्नानाला व अस्थिविसर्जनाला दूरवरून लोक येतात.

गावाचे दोन भाग मानले जातात : काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती. जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडी तुळया व किलचांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छताची असत. भिंती दगड-मातीच्या व हातभर रुंद, धान्य साठवायला घरात बळद आणि बाहेर जमिनीखाली पेव. देशमुख-पाटलांच्या गढ्यांचे बुरूज काही गावांत अद्याप उभे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर माळवदाची धास्ती साऱ्या मराठवाड्याने घेतली आणि पत्रे व काँक्रीटचा स्लॅब यांचा प्रसार झपाट्याने झाला. गावठाणातील घराला सातबारा नसतो. त्याचा पुरावा ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीवर भागवला जाई, आणि ती नोंद मालकी सिद्ध करीत नसल्याने घर तारण ठेवता येत नसे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन सनदा व मिळकत पत्रिका दिल्या जातात. मोजणीने सीमा कागदावर आणल्या, तसे सामाईक अंगण, ओटा, सांडपाण्याची नाली असे तोंडी समजुतीवर चाललेले प्रश्नही वर काढले.

नदीलगतच्या मालकीची कायद्यातील बैठक अशी की, पात्र व त्यातील वाळू सरकारची, तर काठाला नव्याने लागलेली मळई थोडी असल्यास लगतच्या खातेदाराला वापरता येते आणि जमीन खरवडून गेल्यास सारा कमी करून मागता येतो. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूत भोई कुटुंबे टरबूज, खरबूज व काकडीच्या वाड्या लावीत. या वाड्यांना सातबारा कधीच नव्हता. कोणती जागा कोणाची हे जमातीतच ठरे. ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी व डिग्रस येथील उच्च पातळी बंधाऱ्यांनी पात्रात पाणी अडू लागल्यावर त्यांच्या फुगवट्यात वाळू बुडाली आणि वाड्या मागे पडल्या. ज्यांचा कागदच नव्हता त्यांना मोबदला मागायला आधार राहिला नाही, ही बाब बंधाऱ्यांच्या लाभाचे हिशेब मांडताना सहसा येत नाही. उलट काठावरच्या खातेदारांना मोटारी बसवून लांबवर पाइपलाइन नेता आली, त्यामुळे दुसऱ्याच्या बांधातून पाइप नेण्याच्या हक्कावरून तहसीलमध्ये अर्ज वाढले. ऑगस्ट २००६ च्या महापुरात जायकवाडीच्या विसर्गाने गंगाखेड व काठची अनेक गावे पाण्याखाली गेली. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा शहरांच्या नकाशांवर दिसतात. खेड्यांत पूर कुठवर येतो हे चावडीच्या किंवा देवळाच्या पायरीवरूनच सांगितले जाते.

वारसा बहुधा मुलांत वाटला जातो. वाटणीत जमिनीची प्रत सारखी करण्यासाठी प्रत्येक नंबराचा तुकडा प्रत्येकाला दिल्याने शेते पट्ट्यापट्ट्यांची झाली, आणि विहिरीची वाटणी ‘पाळी’ने, म्हणजे पाणी उपसण्याच्या दिवसांनी होऊन ती पाळी खरेदीखतातही लिहिली जाते. मुलींना महाराष्ट्रात १९९४ च्या व देशभर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत समान हिस्सा मिळाला असला, तरी व्यवहारात बहिणी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात आणि त्यामागे कायद्याच्या अज्ञानापेक्षा माहेर तुटण्याची भीती अधिक असते. शेतकरी संघटनेच्या प्रेरणेने आलेल्या लक्ष्मीमुक्ती योजनेत (१९९२) काही घरांनी पत्नीचे नाव उताऱ्यावर लावले.

भूमिहीनांचा जमिनीशी संबंध सालगडी, बटई आणि गायरान या तीन वाटांनी येतो. सालगड्याचा करार गुढीपाडव्याला वर्षासाठी तोंडी होतो व उचल आधी घेतली जाते; बटईत पीक ठरलेल्या हिश्शाने वाटले जाते आणि कूळ लागेल या धास्तीने मालक ते कागदावर आणत नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनंतर मराठवाड्यातील दलित कुटुंबांनी सरकारी गायरान वहितीखाली आणले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय झाला असला, तरी ताबा असूनही उतारा नसलेली कुटुंबे बरीच आहेत. पीकविमा व अनुदान सातबाऱ्यावर मिळत असल्याने ती त्यापासून वंचित राहतात.

कापूस, सोयाबीन, तूर, रब्बी ज्वारी व हरभरा ही मुख्य पिके असून पाण्याच्या सोयीप्रमाणे ऊस होतो. मजूर ऊसतोडीला जातात.

परभणी–परळी लोहमार्ग गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडतो.