वाकलेली पट्टी आणि लोहाराचं बलुतं

जेसीबीच्या पुढच्या बकेटला तळाशी जी जाड पोलादी पट्टी असते, ती कधी ना कधी वाकतेच. मुरमात दडलेला धोंडा लागतो, जुना पाया लागतो, नाहीतर चालक एकाच कोपऱ्यावर सगळा जोर देतो. मग पट्टीला लाट येते. अशा बकेटनं जमीन सपाट करायला गेलं की मागे वरंबे राहतात, आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो: सरळ करून घ्यायची की बदलायची?

प्रश्न साधा वाटतो, पण आहे फार जुना. आपल्याकडे तो नांगराच्या फाळापासून चालत आला आहे आणि त्याचं उत्तर दर वेळी फक्त लोखंडानं दिलेलं नाही. पैसे कसे दिले जातात, यावरही ते ठरत आलं आहे. मला या गोष्टीची गंमत वाटते, म्हणून हा लेख.

जुना देशी नांगर लाकडाचा. खोड लाकडाचं, रुमणं लाकडाचं. लोखंड म्हणजे फाळ आणि त्याला धरून ठेवणारी वसू, एवढंच. तो फाळ मऊ लोखंडाचा असे. दगडाला लागला तर वाके, बोथट होई, पण सहसा तुटत नसे. शेतकरी तो लोहाराकडे नेई, लोहार भात्यावर लाल करून ऐरणीवर ठोके, टोक काढी, पाणी देई. याला फाळ शेवटणं म्हणतात. प्रत्येक फाळामागे पैसे मोजायची पद्धत नव्हती. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, तेच बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त ही सगळी व्यवस्था वाचायला मिळते.

आता याचा हिशेब मांडून बघा. वर्षाचं धान्य ठरलेलं असेल, तर फाळ दहा वेळा आला काय आणि चार वेळा आला काय, लोहाराची मिळकत तेवढीच. म्हणजे फाळ जास्त टिकावा यात शेतकऱ्याइतकाच लोहाराचाही फायदा. वाकलेलं टोक नीट सरळ करून, बेताचं पाणी देऊन परत पाठवणं हे त्याच्याच सोयीचं. कारण पाणी कमी पडलं तर टोक लगेच बोथट होणार, जास्त झालं तर टवका उडणार, आणि दोन्ही वेळा तोच फाळ परत त्याच्याच दारात!

हे गणित बदललं ते ओतीव लोखंडानं. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समनं १८०३ साली एक फाळ काढला. साच्याची एक बाजू थंड ठेवल्यामुळे फाळाची खालची बाजू कठीण होई आणि वरची मऊ राही. मऊ बाजू आधी झिजे, त्यामुळे नांगरता नांगरता धार आपोआप राही. पुढे १८०८ साली त्यानं सुटे भाग बदलता येतील असा नांगर आणला. पण बिडाला वाकणं माहीत नाही. त्यावर घण मारला की ते फुटतं. म्हणजे सरळ करण्याचा प्रश्नच मिटला. झिजलं की काढा, नवं बसवा.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडानं जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, हे आपण वाचलेलं असतं. मला मात्र दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. कारखान्याचा नांगर आला तेव्हा फाळाची जबाबदारी गावातल्या ऐरणीवरून हळूहळू दुकानातल्या सुट्या भागाकडे सरकली.

योगायोग असा, की त्याच १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये फुशे आणि पिकार यांनी ऑक्सिजन-ॲसिटिलीनची मशाल वापरात आणली. तीन हजार अंशांच्या वरची ज्योत! भाता न ओढता, लोखंड जिथल्या तिथे तापवता येऊ लागलं. रस्त्याकडेच्या गॅस वेल्डिंगच्या दुकानांचं मूळ इथे आहे. जोसेफ बॅमफर्डच्या कारखान्यानं १९५३ साली ट्रॅक्टरवर पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असं यंत्र जोडलं आणि १९७९ पासून ते भारतातही बनू लागलं. त्याची पट्टी सरळ करायला जी ज्योत लागते, ती पन्नास वर्षं आधीच तयार होती.

अशा एका दुकानात मी बराच वेळ उभा राहून काम पाहिलं आहे. वेल्डरनं घणाला हातच लावला नाही. बाकाच्या बाहेरच्या, ताणलेल्या अंगाला त्यानं पाचरीच्या आकारात मंद लाल होईपर्यंत तापवलं आणि तसंच निवू दिलं. तापलेला भाग फुगू पाहतो, पण भोवतालचं थंड लोखंड त्याला पसरू देत नाही. निवताना मात्र तो आकसतो आणि बाक आपल्याकडे ओढून घेतो. वाकलेले पोलादी पूलही असेच सरळ करतात, आणि तिथे साध्या पोलादासाठी साधारण ६५० अंशांच्या पुढे जायचं नाही असा दंडक आहे.

पण ही झाली बकेटच्या साध्या पोलादाची गोष्ट. कडेची पट्टी पुष्कळदा पाणी दिलेल्या कठीण पोलादाची असते. ती लाल केली की पाणी उतरतं. सरळ दिसते, पण मेणासारखी झिजते. अशी पट्टी बदलणंच बरं. म्हणून जाणकार वेल्डर आधी कानस फिरवून बघतो. कानस घसरली तर तो नको म्हणतो, आणि त्या नकाराचे त्याला काहीच मिळत नाहीत.

मला अडतं ते इथे. बलुत्याची आठवण गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. लोहाराला गाव सोडून जायची, भाव ठरवायची मोकळीक नव्हती. धंदा जातीनं ठरलेला आणि धान्य कुणी किती घालायचं ते खळ्यावर मालकाच्या हातात. सुट्या भागानं शेतकऱ्यालाही लोहाराच्या दारातल्या ताटकळण्यातून सोडवलं. ते जुनं परत येऊ नये.

तरी त्यात एक गोष्ट होती: वस्तू टिकली तर दुरुस्त करणाऱ्याचा तोटा होत नसे. आज वेल्डरला पैसे मिळतात ते काम केल्याचे, आणि दुकानदाराला पट्टी विकल्याचे. 'हे सरळ होईल, ते होणार नाही' हे ओळखण्याचे पैसे कुणीच देत नाही. ज्या ज्ञानाला मोल नसतं ते फार पिढ्या टिकत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी कानस फिरवून 'नको' म्हणाला, तर त्याच्या हातावर काहीतरी ठेवावं. धान्य नसेना का!