बै-बिल-वफा : खरेदीपत्राच्या वेषांतील गहाण

जुन्या फारशी दस्तऐवजांचा संग्रह करणारांच्या हातीं केव्हां केव्हां असा एखादा कागद येतो कीं, त्यांत शेतजमीन विकल्याचा स्पष्ट मजकूर असतो, किंमतीचा आंकडा असतो, काजीची मोहरही असते. आणि तरीही तो विक्रीचा कागद नव्हे. संग्राहक 'खरेदीखत' अशी नोंद करून मोकळा होतो, व पुढील अभ्यासक त्यावरून जमिनीचा धनी बदलल्याचें अनुमान काढतो. म्हणून या व्यवहाराच्या उगमाचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहों.

इस्लामी धर्मशास्त्रांत गहाणास 'रहन' म्हणतात. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यांतील २८३ व्या आयतींत, प्रवासांत लेखक न मिळाल्यास तारण कब्जांत घ्यावें असें सांगितलें आहे. त्यावरून हनफी शास्त्रकारांनीं कब्जा हें रहनाचें आवश्यक अंग मानिलें. शेताच्या बाबतींत अडचण येथेंच उत्पन्न होते. दागिना पेटींत ठेवितां येतो. शेत कब्जांत आलें तर तें पेरावें लागतें, आणि पीक सावकारानें घेतलें तर तें व्याज, म्हणजे 'रिबा', ठरण्याचें भय. ऋणकोच्या परवानगीनें तरी धनकोनें उपभोग घ्यावा कीं नाहीं, याविषयीं हनफींतच मतभेद आहे.

या कोंडींतून वाट निघाली ती बुखारा व बल्ख यांकडील मुलुखांत, हिजरी पांचव्या शतकाच्या सुमारास. शेतकरी जमीन 'विकी'. पैसे परत आल्यास जमीन परत करण्याचें वचन घेणारा देई. वचन पाळणें म्हणजे वफा, म्हणून बै-बिल-वफा. पंडितांस हा डाव कळला नव्हता असें नाहीं. हनफी ग्रंथांत एक संवाद उतरलेला आहे : हा व्यवहार फार फैलावला असून त्यांत मोठा अनर्थ आहे, आपण दोघेही त्यास रहनच मानितों, तर सर्व इमामांस जमवून एकमत करावें, अशी सूचना एका इमामानें दुसऱ्यास केली. प्रश्न केवळ नांवाचा नव्हता. कागद रहनाचा ठरला तर पीक शेतकऱ्याचें. विक्रीचा ठरला तर सावकाराचें. अखेर गरजेनें शास्त्रास नमविलें. इब्न नुजैम (मृत्यु १५६३) सरळ लिहितो कीं, बुखाऱ्याच्या लोकांवर कर्ज वाढलें तेव्हां या विक्रीस मान्यतेचा फतवा निघाला. तुर्की साम्राज्याच्या 'मजल्ला' या संहितेनेंही (१८६९–७६) तिला स्थान दिलें. उलट इजिप्तच्या १९४८ च्या दिवाणी कायद्यानें अशी विक्री रद्दबातल ठरविली, व जेद्दा येथील फिक्ह अकादमीनें १९९२ सालीं ती निषिद्ध मानिली.

हिंदुस्थानांत कंपनी सरकारास बंगाल्यांत हाच कागद भेटला. मुदतीच्या दिवशीं सावकार पैसे घेण्याचें टाळी आणि दुसरे दिवशीं जमिनीवर हक्क सांगे! म्हणून १७९८ च्या १ ल्या रेग्युलेशनानें ऋणकोस ती रक्कम दिवाणी अदालतींत भरण्याची सोय केली, व १८०६ च्या १७ व्यानें नोटिशीपासून एक वर्षाची सवलत दिली. आमच्या प्रांतांतील मुदतखरेदी याच जातीची. तिचें मूळ बुखाऱ्यांतच शोधावें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. अडलेला शेतकरी कोठें नव्हता?

आतां संग्राहकांच्या कामाची गोष्ट. विक्रींतच परतीची अट घातली तर ती विक्री शास्त्रतः दूषित होण्याचा संभव असे; काजीखानाच्या (मृत्यु ११९६) मतें विक्री बिनशर्त करून वचन मागाहून दिल्यास विक्री वैध व वचन बंधनकारक. त्यामुळें खरेदीखत एका कागदावर, वचन दुसऱ्यावर, असा प्रकार संभवतो. १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतर कायद्यास १९२९ सालीं दुरुस्ती झाली, तेव्हांपासून अट त्याच दस्तांत नसेल तर तें गहाण समजलें जात नाहीं. तत्पूर्वीं तसें बंधन नव्हतें. तेव्हां जुनें दप्तर सोडतांना खरेदीखताशेजारची, बहुधा बिनमोहरेची, लहानशी चिठी किरकोळ म्हणून निराळी काढूं नये.