परमुलखांतील नोकरीची शाश्वती

परमुलखांत नोकरीस राहिलेल्या मनुष्याला भाडेकऱ्याची उपमा देण्याचा प्रघात आहे. ही उपमा आम्हांला अपुरी वाटते. भाडेकऱ्याचें घर सुटलें तरी त्याचें गांव सुटत नाहीं; दुसऱ्या आळींत बिऱ्हाड मांडून तो आपला व्यवहार चालवितो. परमुलखांतील नोकराची गोष्ट तशी नाहीं. त्याची नोकरी गेली कीं पुष्कळदां तिच्याबरोबर राहण्याचा परवाना जातो, मुलांची शाळा जाते, आणि जें बिऱ्हाड उभारण्यांत दहा वर्षें गेलीं तें दोन महिन्यांत मोडावें लागतें. स्वदेशीय नोकरावर जी आपत्ति बेकारीच्या रूपानें येते, तीच याच्यावर हद्दपारीच्या रूपानें येते. असें कां व्हावें, आणि तें टाळण्याचा उपाय आजवर कोठें सांपडला आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. त्याकरितां आम्ही पश्चिम जर्मनीचा १९५५ पासून १९८४ पर्यंतचा इतिहास निवडला आहे. कारण परदेशीय कामगारांना आग्रहानें बोलवावें, भरभराटींत त्यांचें कौतुक करावें आणि मंदी येतांच त्यांच्याकडे पाठ फिरवावी, हा सारा क्रम तेथें एका पिढीच्या अवधींत पुरा झालेला दिसतो.

दुसऱ्या महायुद्धांत उद्ध्वस्त झालेला हा देश इतक्या वेगानें सावरला कीं थोड्याच वर्षांत त्याच्या कारखान्यांना माणसें पुरेनातशीं झालीं. २० डिसेंबर १९५५ रोजीं रोम येथें इटलीशीं कामगारभरतीचा पहिला करार झाला. १९६० सालीं स्पेन व ग्रीस यांच्याशीं तसेच करार झाले. १३ ऑगस्ट १९६१ रोजीं बर्लिनची भिंत उभी राहूं लागली आणि पूर्व जर्मनींतून येणारा मजुरांचा ओघ एकाएकीं आटला; त्यानंतर अडीच महिन्यांनीं, ३० ऑक्टोबर रोजीं, तुर्कस्तानाशीं करार झाला. पुढील सात वर्षांत मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिसिया व युगोस्लाव्हिया यांची पाळी आली. या लोकांना जर्मनांनीं ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार, असें नांव दिलें. नांव गोड आहे. पण त्यांतील गर्भितार्थ कोणत्याहि संसारी माणसाला कळण्यासारखा आहे. पाहुण्यानें चार दिवस राहावें आणि यजमानानें सुचविण्यापूर्वींच उठावें. पाहुण्याला कोणी भट्टीवर उभा करून राबवीत नाहीं, एवढा भेद मात्र नांव ठेवणारे विसरले.

तुर्कस्तानाशीं झालेल्या मूळ करारांत दोन वर्षांची मुदत स्पष्ट घातलेली होती. मुदत संपली कीं जुन्यानें जावें आणि नव्यानें यावें, अशी ही रहाटगाडग्याची योजना. १९६४ सालीं ती मुदत काढून टाकण्यांत आली. तिच्याविरुद्ध विशेष जोर लावला तो कारखानदारांनीं. दोन वर्षें शिकवून तयार केलेला मनुष्य परत पाठवावा आणि त्याच्या जागीं पुनः नवखा आणावा, हें त्यांना परवडेना. नियम सैल झाला खरा. परंतु तो सोयीनें सैल झाला, हक्कानें नव्हे. सोयीनें मिळालेली सवलत सोय संपतांच परत घेतां येते, ही गोष्ट पुढील दहा वर्षांनीं सिद्ध केली.

त्याच वर्षीं, १० सप्टेंबर १९६४ रोजीं, कोलोन शहराच्या डॉइट्झ स्थानकावर एक समारंभ झाला. आर्मांदो रोद्रिगेश द सा नांवाचा एक पोर्तुगीज सुतार आगगाडींतून उतरला, आणि तो दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून कारखानदारांच्या मंडळानें त्याला एक मोटरसायकल भेट दिली. बँड वाजला, पुष्पगुच्छ दिले गेले, छायाचित्रें निघालीं. ती मोटरसायकल आज बॉन येथील इतिहाससंग्रहालयांत पाहावयास मिळते. तिच्या मालकाचें पुढें काय झालें तें मात्र त्या छायाचित्रांत नाहीं. तो आजारी होऊन मायदेशीं परतला आणि १९७९ सालीं कर्करोगानें वारला. जर्मनींत त्यानें विम्याची वर्गणी भरलेली होती. आजारपणांत तेथून मदत मागण्याचा आपल्याला हक्क आहे हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि सांठविलेला पैसा औषधोपचारांत संपून गेला. स्वागताचा थाट आणि नोकराचें संरक्षण या दोन अगदीं निराळ्या वस्तु आहेत, हें दाखविण्यास याहून बोलकें उदाहरण शोधावयास नको.

आतां मंदीकडे वळूं. १९६६-६७ सालीं पश्चिम जर्मनीला युद्धोत्तर काळांतील पहिली खरी मंदी भोगावी लागली. त्या वेळीं परदेशीय कामगारांची संख्या सुमारें १३ लाखांवरून १९६८च्या प्रारंभीं सुमारें ९ लाखांवर आली. एवढीं माणसें गेलीं, आणि त्याचा फारसा गाजावाजाहि झाला नाहीं. अर्थशास्त्रज्ञांनीं यावरून असा निष्कर्ष काढला कीं परदेशीय कामगार म्हणजे आगगाडीच्या डब्यांमधील धक्का सोसणारी स्प्रिंग होय. मंदीचा आघात तो सोशील आणि आंत बसलेल्या स्वदेशीय उतारूंस हिसका लागणार नाहीं. या हिशेबांत एक गोष्ट नजरेआड झाली. ते लोक गेले ते, चांगले दिवस येतांच दार पुनः उघडेल, या भरंवशावर गेले. आणि तसें झालेंहि. तेजी परत आली, भरती पुनः सुरू झाली, आणि १९७३ सालीं ही संख्या सुमारें २६ लाखांवर पोहोंचली.

१९७३चा ऑगस्ट महिना या इतिहासांत महत्त्वाचा आहे. कोलोन येथील फोर्ड मोटारीच्या कारखान्यांत हजारों तुर्की कामगार होते. वार्षिक रजा मिळे ती आनातोलियाच्या खेड्यांपर्यंत जाऊन येण्यासच अपुरी पडे. त्या वर्षीं रजेवरून उशिरां परतले म्हणून सुमारें ३०० तुर्की कामगारांना बडतर्फ करण्यांत आलें, आणि त्यांचें काम उरलेल्यांच्या माथीं आलें. २४ ऑगस्टला संप सुरू झाला. संपवाले बहुतेक तुर्की होते. कामगारसंघाचा त्यांना पाठिंबा नव्हता आणि जर्मन सोबत्यांपैकीं बरेचसे दूर राहिले. ३० ऑगस्टला पोलिसांच्या मदतीनें संप मोडला, आणि पुढें आणखी कित्येकांना घरीं बसविण्यांत आलें. वास्तविक १९७२च्या कायद्यानें परदेशीय कामगारांनाहि कारखान्याच्या कामगारमंडळावर निवडून येण्याचा अधिकार दिला होता. परंतु कागदावरचा अधिकार आणि शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाची सहानुभूति यांत किती अंतर असतें, हें त्या आठवड्यांत दिसून आलें.

यानंतर तीन महिन्यांनीं, तेलाच्या किंमती भडकल्या असतां, २३ नोव्हेंबर १९७३ रोजीं मजूरमंत्री वाल्टर आरेंट यांनीं परदेशीय कामगारांची भरती बंद केली. हेतु असा कीं नवे येणार नाहींत आणि जुने हळूहळू निघून जातील. प्रत्यक्षांत जें घडलें तें हेतूच्या उलट होतें. कामावरील परदेशीयांची संख्या १९७६पर्यंत १९ लाखांच्या आसपास उतरली हें खरें. पण देशांत राहणाऱ्या परदेशीयांची एकूण संख्या १९७३ सालीं सुमारें ४० लाख होती ती १९८० सालीं सुमारें ४४ लाख झाली. कारण सरळ आहे. एकदां बाहेर पडलों तर पुनः आंत घेणार नाहींत, हें कळल्यावर शहाणा मनुष्य बाहेर पडत नाहीं. तो बायकामुलांना आंत बोलावून घेतो.

या ठिकाणीं इटालियन व तुर्की या दोन समाजांची तुलना फार उद्बोधक आहे. युरोपीय समूहाच्या १९६८च्या नियमानें इटालियन कामगाराला समूहांतील कोणत्याहि देशांत जाण्यायेण्याची मोकळीक मिळालेली होती. त्याच्या दृष्टीनें दार बंद झालेंच नव्हतें. म्हणून मंदींत इटालियन लोकांची संख्या घटली आणि पुढें कामें निघालीं तेव्हां पुनः वाढली. तुर्कांना ही मोकळीक नव्हती; त्यांची संख्या १९७३ सालीं सुमारें ९ लाख होती ती १९८० सालीं साडेचौदा लाखांच्या पुढें गेली. ज्याला परतण्याचा हक्क होता तो निश्चिंतपणें गेला. ज्याला नव्हता तो पाय रोवून राहिला. परक्यांनीं जावें अशी ज्यांची इच्छा असते त्यांनींच त्यांच्या येण्याचा हक्क कायम ठेवावा, असा हा विलक्षण न्याय आहे. पण तो आंकड्यांनीं सिद्ध झालेला आहे.

राज्यकर्त्यांनीं मात्र हा धडा घेतला नाहीं. १९८२च्या ऑक्टोबरांत चॅन्सेलर हेल्मूट कोल यांनीं मार्गारेट थॅचर यांच्याजवळ, चार वर्षांत तुर्कांची संख्या निम्म्यानें कमी करण्याचा मनोदय बोलून दाखविला. हें संभाषण ब्रिटिश कागदपत्रें खुलीं झाल्यावर २०१३ सालीं उघडकीस आलें. १९८३च्या नोव्हेंबरांत कायदा झाला. कारखाना बंद पडल्यानें वगैरे बेकार झालेल्या ठराविक देशांतील कामगारानें सहकुटुंब देश सोडल्यास त्याला १०,५०० मार्क, आणि प्रत्येक मुलामागें १,५०० मार्क देण्याचें ठरलें. निवृत्तिवेतनासाठीं त्यानें स्वतः भरलेली वर्गणी परत मिळे. मालकानें भरलेला वांटा मिळत नसे. कांहीं लोक गेले. निम्मे गेले नाहींत. ज्या मुलांचीं नांवें कोलोन व बर्लिन येथील शाळांच्या पटावर होतीं त्यांना कोणत्या गांवीं परत न्यावयाचें, हा प्रश्न मार्कांनीं सुटणारा नव्हता.

मग या परदेशीयांना थोडीबहुत शाश्वती आली ती कशानें? आमच्या मतें ती १९७८च्या एका रुक्ष नियमानें आली. पांच वर्षें राहिलेल्या परदेशीयाला, कांहीं अटी पुऱ्या केल्यास, बेमुदत वास्तव्याचा परवाना मिळण्याची वाट या नियमानें नीट आंखून दिली. या नियमाचा समारंभ झाला नाहीं, कोणाला मोटरसायकल मिळाली नाहीं. परंतु राहण्याचा हक्क नोकरीच्या खुंटीवरून सोडविण्याची सुरुवात त्यानें झाली. तो हक्क मिळाल्यावरहि नोकऱ्या गेल्याच. पण नोकरी गेलेला मनुष्य बेकारीचा भत्ता घेऊन, दुसरें काम शोधीत, त्याच गांवांत राहूं शकला.

हा इतिहास आपल्याकडील वाचकाला दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. पुणें, ठाणें, नाशिक येथून अमेरिकेंत गेलेल्या हजारों मराठी यंत्रज्ञांचें वास्तव्य ‘एच-१बी’ या परवान्यावर अवलंबून असतें, आणि तो परवाना मालकाच्या अर्जाला बांधलेला असतो. १७ जानेवारी २०१७ पासून अमलांत आलेल्या नियमानें नोकरी सुटल्यावर ६० दिवसांपर्यंत सवड मिळूं लागली. त्यापूर्वीं एवढीहि निश्चित सवड नव्हती. मुदतीपूर्वीं कामावरून काढल्यास मायदेशीं परतण्याचें वाजवी भाडें मालकानें द्यावें, असाहि नियम आहे. १९८३च्या जर्मन कायद्याचा हा धाकटा भाऊच म्हणावयाचा. २०२२च्या नोव्हेंबरांत ‘मेटा’ कंपनीनें एकदम ११ हजार लोक कमी केले, तेव्हां त्यांतील परदेशीयांची साठ दिवसांची मोजणी सुरू झाली. कायम वास्तव्याचे परवाने वर्षाकाठीं एका देशाच्या लोकांस ७ टक्क्यांहून अधिक सहसा द्यावयाचे नाहींत, या दंडकामुळें हिंदी मनुष्याची रांग सर्वांत लांब. त्यामुळें पंधरा वर्षें कर भरलेला गृहस्थहि काल आलेल्या तरुणाइतकाच त्या साठ दिवसांना बांधलेला असूं शकतो.

यावर कोणी विचारील कीं, परक्याला घरच्या माणसाहून अधिक शाश्वती कां द्यावी? आमचें म्हणणें तसें नाहींच. धंदा बसला तर नोकर कमी होणार, आणि त्यांत परदेशीयहि असणार. एका आघाताचे दोन आघात होऊं नयेत, एवढेंच मागणें आहे. शिवाय यांत स्वदेशीयाचाहि स्वार्थ आहे. ज्याचें घर नोकरीवर टांगलेलें आहे तो पगार वाढवून मागत नाहीं, जादा तास नाकारीत नाहीं, अन्यायाविरुद्ध सही करीत नाहीं. आणि असा मुका सोबती शेजारीं असला म्हणजे बोलक्याची किंमतहि उतरते. फोर्डच्या कारखान्यांत दूर उभ्या राहिलेल्या जर्मनांनीं हा हिशेब केला नव्हता.

परदेशीं निघालेले तरुण नेमणुकीचें पत्र हातीं पडलें म्हणजे प्रथम पगाराचा आंकडा पाहतात. तो पाहावाच. पण नोकरी सुटल्यास राहण्याची मुदत किती, मालक बदलण्याची मोकळीक किती, भरलेल्या विम्यावर व निवृत्तिवेतनावर आपला हक्क कोणता आणि तो मागावयाचा कोठें, हीं चार कलमेंहि त्यांनीं निघण्यापूर्वींच समजून घ्यावीं. रोद्रिगेश द सा याला हें कोणी सांगितलें नव्हतें.