प्लेगचा जंतू आणि रक्तातील भक्षक पेशी

लातूर जिल्ह्यातील किल्लारी व तिच्या आसपासची गावे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने जमीनदोस्त झाली, ही हकीकत महाराष्ट्रात कोणासही नव्याने सांगावयास नको. त्या आपत्तीला वर्ष पुरे होण्याच्या आतच, १९९४ च्या ऑगस्ट महिन्यात, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला नावाच्या लहानशा गावी उंदीर मरून पडू लागले. घरोघर पिसवांचा उपद्रव वाढला, आणि महिनाअखेरीस काही माणसांना सणसणीत ताप भरून जांघेत व काखेत गाठी आल्या. १९६६ नंतर हिंदुस्थानात मनुष्याला प्लेग झाल्याची खात्रीची नोंद नव्हती. तो रोग इतिहासजमा झाला, अशीच सुशिक्षितांची समजूत होती. सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडविला व शहर सोडून लाखो लोक वाट फुटेल तिकडे निघाले. ५ ऑक्टोबरपर्यंत देशात ५,१५० संशयित रोगी व ५३ मृत्यू नोंदले गेले. ह्यांतील ‘संशयित’ ह्या शब्दाचे वजन मोठे आहे. भीतीच्या दिवसांत प्रत्येक ताप प्लेगच भासतो.

तज्ज्ञांनी ह्या उद्भवाची जी कारणमीमांसा केली तीत भूकंपालाही स्थान दिले. भिंती पडल्या किंवा खचल्या म्हणून माणसे घरांबाहेर राहू लागली. कणगीतले व पोत्यांतले धान्य मात्र आत राहिले. ते उंदरांना फावले, आणि रानातील उंदीर व घरातील उंदीर ह्यांची गाठ पडली. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तथापि मराठवाड्यातील जुन्या माणसांना तो पटण्याजोगा होता. कारण उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालावयाच्या, हा शहाणपणा त्यांच्या वाडवडिलांनी फार मोल देऊन मिळविलेला होता. नांदेड व लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. लातूरला तर स्वतंत्र जिल्ह्याचा मान १६ ऑगस्ट १९८२ रोजी मिळाला. परंतु रोगाला संस्थान आणि इंग्रजी मुलूख ह्यांमधील सरहद्द ठाऊक नव्हती. धान्याच्या व कापसाच्या गाड्यांबरोबर उंदीर जात, उंदरांबरोबर पिसवा जात आणि पिसवांबरोबर मरण जाई. १८९६ पासून पुढील चार दशकांत ह्या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. मनुष्याच्या शरीरात जन्मतःच एक संरक्षक फौज असते, असे वैद्यकशास्त्र सांगते. खरचटले, काटा रुतला, विटाळलेले पाणी पोटात गेले, तरी बहुधा काही बिघडत नाही, हे तिचेच उपकार. मग गाठीच्या तापापुढे ही फौज लुळी का पडावी? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि त्या शोधाचा एक धागा मुंबईतील परळपर्यंत येतो.

धाग्याचे पहिले टोक इटलीतील मेसिना ह्या बंदरात आहे. एली मेच्निकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली तेथे समुद्रातील लहान जीवांचा अभ्यास करीत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. ताऱ्याच्या आकाराच्या माशाचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसतात. मेच्निकॉफ ह्यांच्या मनात आले की, ह्या पेशी परक्या वस्तूवर चालून जात असतील काय? त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून त्या पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप आली नाही. पहाटे पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या बोटात काटा मोडला म्हणजे त्याभोवती पू जमतो. तो पू म्हणजे मोडक्यातोडक्या रक्ताचा गाळ नसून शत्रूवर तुटून पडलेल्या व कामी आलेल्या शिपायांची प्रेते होत, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे पाणपिसू नावाच्या जलजीवाच्या पोटात शिरलेले बुरशीचे सुयांसारखे बीजकण ह्याच पेशी गिळून पचवितात, हे त्यांनी १८८४ साली प्रसिद्ध केले. नावात पिसू असली तरी हा जीव खेकड्या-झिंग्यांच्या गोतातला. प्लेगच्या पिसवेशी त्याचे नाते नाही. एका पिसवेने शरीराचा रक्षक दाखवून द्यावा आणि दुसरीने त्याला चकवावे, ही भाषेने केलेली थट्टा मात्र खरी.

ह्या पेशींना ‘भक्षक पेशी’ असे नाव पडले. परंतु जर्मन पंडितांना ही कल्पना मान्य नव्हती. रोगाला मारणारे द्रव्य रक्तरसात असते, पेशी केवळ मेलेल्या जंतूंची झाडलोट करतात, असे त्यांचे म्हणणे होते. आणि बेरिंग व कितासातो ह्यांनी १८९० साली घटसर्प व धनुर्वात ह्यांवरील प्रतिविष रक्तरसात दाखवून दिल्यावर त्यांची बाजू बळावली. वाद वीस वर्षे चालला. अखेर १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ व रक्तरसवादी पॉल एर्लिक ह्या दोघांना विभागून देण्यात आले. परीक्षकांनी हा केवळ समेट केला असे त्या वेळी कोणास वाटले असेल; पुढील काळाने तो न्यायच होता असे ठरविले.

ओडेसा येथील विद्यापीठात मेच्निकॉफ ह्यांच्या हाताखाली शिकलेला एक यहुदी तरुण म्हणजे वाल्डेमार हाफकिन. गुरूच्या मागोमाग तोही पॅरिसला पाश्चर संस्थेत गेला आणि प्रथम ग्रंथपालाची नोकरी करून राहिला. १८९२ साली त्याने पटकीची लस सिद्ध करून स्वतःवर टोचली, व पुढील वर्षी तो हिंदुस्थानात आला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा सरकारने हाफकिन ह्यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी काम मांडले. मांसरसात तुपाचे थेंब सोडावयाचे. त्या थेंबांना जंतूंच्या वसाहती छताला लोंबणाऱ्या झुंबरांसारख्या धरतात. मग तो रस तापवून जंतू मारावयाचे व कार्बॉलिक आम्ल घालून बाटल्या बंद करावयाच्या. तूप हे आपल्या घरचे द्रव्य शास्त्राच्या कामी असे पडले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली व तापाने ते हैराण झाले. त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने टोचून घेतलेल्या कैद्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा कमी आढळले.

तरीही लोक टोचून घेण्यास भीत होते, आणि त्यांना केवळ अडाणी म्हणून चालणार नाही. पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून माणसे ओढून नेत होते. २२ जून १८९७ रोजी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली ती ह्याच संतापातून. त्याच साली १० मार्च रोजी रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. जो सरकारी हात कुलूप फोडतो तोच सुई टोचतो, तेव्हा सुईवर विश्वास कसा बसावा? त्यात लस टोचली की दंड सुजे आणि दोन दिवस कणकण राही. हा ताप म्हणजे रोगच अंगात घातला, असे लोक म्हणत. वस्तुतः तो ताप शरीरातील पहारेकऱ्यांनी केलेला पुकारा होता. परंतु हे समजावून सांगण्याइतके ज्ञान त्या वेळी डॉक्टरांपाशीही नव्हते.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन ह्यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडतानाच ती दूषित झाली असावी, हे पुराव्यावरून दिसत असता त्यांना दोषमुक्त होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. त्यांच्या बाजूने विलायतेत ज्यांनी लेखणी उचलली त्यांत रोनाल्ड रॉस होते. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात रॉस ह्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिला तो सिकंदराबादेस, म्हणजे नांदेडकर व लातूरकर ज्या राज्याचे प्रजाजन होते त्याच राज्यात. परळच्या जुन्या लाटभवनात १८९९ साली गेलेल्या प्रयोगशाळेला हाफकिन ह्यांचे नाव १९२५ साली दिले गेले. न्याय झाला, पण उशिरा झाला.

प्लेगच्या चौकशीसाठी जे कमिशन १८९८ साली हिंदुस्थानात आले त्यात आल्मरॉथ राइट हे इंग्रज डॉक्टर सभासद होते. पुढे १९०३ साली त्यांनी व डग्लस ह्यांनी दाखवून दिले की, रक्तरसातील काही द्रव्ये जंतूंना चिकटतात आणि मग भक्षक पेशी ते जंतू अधिक आवडीने गिळतात. ह्या द्रव्यांना त्यांनी जे ग्रीक नाव दिले त्याचा नेमका मराठी प्रतिशब्द ‘तोंडीलावणे’ असा होईल. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, ठेचा असला की उतरते, तसा हा प्रकार. बर्नार्ड शॉ ह्यांच्या १९०६ सालच्या नाटकातील डॉक्टर राइट ह्यांच्यावरूनच बेतलेला आहे. तात्पर्य, पेशी व रक्तरस हे वैरी नसून जोडीदार ठरले.

पण मूळ कोडे तसेच राहिले. भक्षक पेशीला डोळे नाहीत. मग हा जंतू आणि ही आपली पेशी, हे तिला कळते कसे? ह्याविषयी चार्ल्स जेनवे ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये नव्हे, तर शंभर वर्षांनी १९८९ मध्ये तर्क मांडला. इतका काळ हा प्रश्न कोणी नीट विचारलाच नव्हता. त्याचे म्हणणे असे की, प्रत्येक जंतू ओळखण्याची गरजच नाही. जंतूंच्या कवचात काही द्रव्ये अशी असतात की ती मनुष्याच्या शरीरात कोठेच सापडत नाहीत, आणि जंतूला ती टाकूनही देता येत नाहीत. तेवढी ओळखणारे ग्राहक पेशीवर असले की पुरे. गस्तवाला प्रत्येक चोराचा चेहरा पाठ करीत नाही. मध्यरात्री भिंतीला लावलेली शिडी दिसली की तो शिटी फुंकतो. १९९६ साली फ्रान्समध्ये हॉफमन ह्यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, ‘टोल’ नावाचा ग्राहक निकामी झालेल्या माशीच्या अंगावर बुरशी चढते व ती मरते. पुढील वर्षी मेद्झितॉव व जेनवे ह्यांना तसाच ग्राहक मनुष्यात सापडला. १९९८ साली ब्यूटलर ह्यांनी दाखविले की, विशिष्ट जंतूंच्या कवचातील स्निग्ध-शर्करायुक्त द्रव्य ओळखण्याचे काम ह्यांपैकी एक ग्राहक करतो. हॉफमन व ब्यूटलर ह्यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जेनवे तोवर हयात नव्हते.

एकदा शिटी वाजली की रक्तवाहिन्या सैल होतात, जागा लाल व गरम होते, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. मनुष्याच्या हाडांतील मगज रोज सुमारे दहा हजार कोटी अशा पेशी तयार करतो. त्या जंतूला वेढून पोटात घेतात व त्यावर आम्ले, पाचक रस आणि दाहक प्राणवायूचे प्रकार सोडतात. त्यांत एक आम्ल असे आहे की, जे विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकल्यावर उत्पन्न होते. नगरपालिकेचा जो उपाय, तोच शरीराने कोट्यवधी वर्षांपूर्वी योजिलेला होता. जोडीला रक्तरसातील प्रथिने जंतूच्या कवचाला भोके पाडतात ती निराळीच.

आता प्लेगच्या जंतूची लबाडी पाहावी. पिसवेच्या शरीराची उष्णता बाहेरच्या हवेइतकी. तेथे असताना ह्या जंतूच्या कवचातील स्निग्ध रेणूला बहुतांशी सहा शेपट्या असतात. मनुष्याचा ग्राहक सहा शेपट्यांचा रेणू चटकन ओळखतो. पण पिसू चावली आणि जंतू ३७ अंश उष्णतेच्या शरीरात आला की, तो चार शेपट्यांचा रेणू घडवू लागतो, आणि हा ग्राहकाला जवळजवळ दिसतच नाही. शिडी काढून घेतली. गस्तवाला पुढे गेला. शिवाय पेशी जवळ आलीच तर जंतू सुईसारख्या नळीने तिच्यात विषारी प्रथिने सोडून तिचे गिळण्याचे सामर्थ्यच नष्ट करतो. काही जंतू गिळले जाऊनही मरत नाहीत. उलट त्या पेशीवर स्वार होऊन जवळच्या रसग्रंथीत पोहोचतात. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. पहारा जागा होतो तेव्हा किल्ल्यात शत्रू लाखांनी भरलेला असतो.

ह्याचा पडताळा २००६ साली एका मार्मिक प्रयोगाने मिळाला. शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जंतूत दुसऱ्या जंतूचा एक गुणांश घालून त्याला ३७ अंशांतही सहा शेपट्याच घडविण्यास भाग पाडले. एरवी अत्यंत घातक असलेला हा जंतू उंदरांना मारू शकला नाही. त्यांच्या रक्षक पेशींनी त्याला पाहिले, एवढेच काय ते घडले होते. आणि त्यातून वाचलेले उंदीर पुढे खऱ्या प्लेगलाही पुरून उरले.

१९९४ साली मामल्याच्या रोग्यांच्या हाताशी टेट्रासायक्लिनसारखी औषधे होती, जी १८९६ साली मांडवीत कोणाजवळ नव्हती. वेळेवर दिलेले औषध जंतूंची वाढ रोखते व हतबल झालेल्या पेशींना सावरण्यास अवधी देते. प्लेगच्या गावी काम करणाऱ्यांचा एक दंडक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. उंदरांना विष घालण्याच्या आधी घरांत औषध फवारून पिसवा माराव्या लागतात. उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या भुकेल्या पिसवा जवळचे दुसरे ऊबदार शरीर शोधू लागतात, आणि कणगीच्या शेजारी निजलेल्या माणसाचे शरीर त्यांना सर्वांत जवळ असते.