टेकू : बंडीचा आणि ट्रॉलीचा

बैल सोडून ठेवलेली बंडी दारात उभी असली म्हणजे पाहणाराची दृष्टी तिच्या चाकांकडे जाते. दांडीखाली उभ्या केलेल्या हातदीड हात लाकडाकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक दोन चाकांच्या वाहनाला एकट्याने उभे राहता येत नाही. बैल जुंपलेले असेतोवर पुढचा भार त्यांच्या मानेवर असतो. ते सुटले, की दांडी जमिनीवर येते, धानाची पोती पुढे सरकतात आणि पुन्हा जुंपतेवेळी ती भारावलेली दांडी उचलण्यास चार माणसे लागतात. ही आपत्ती टाळण्यासाठी जो टेकू निघाला, त्याचा इतिहास गोंदियाच्या धानप्रदेशात मोठा उद्बोधक आहे.

बंडीपूर्वीच्या काळी या मुलुखातून दूरचा माल मुख्यतः लमाणांच्या तांड्यांबरोबर जात असे. छत्तीसगडचे धान्य पश्चिमेकडे आणि किनाऱ्यावरचे मीठ पूर्वेकडे बैलांच्या पाठीवरून चाले. गोणीला ना चाक, ना दांडी. अर्थात टेकूही नको. 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाल्यानंतर पक्क्या सडकांकडे सरकारचे लक्ष गेले. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी या मार्गाने रायपूरकडे जाणारी सडक त्यांपैकीच. सडक आली, तशी चाके आली. पुढे 1880 च्या सुमारास नागपूरकडून छत्तीसगडपर्यंत लोहमार्ग पोचला आणि 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात गोंदियाहून नैनपूरकडे लहान रुळांचा फाटाही निघाला. आगगाडीने बंडीचा लांबचा प्रवास हिरावून घेतला खरा, परंतु खेड्यापासून स्टेशनापर्यंतचा प्रवास तिच्याच वाट्याला राहिला. स्टेशनावर, बाजारात, गिरणीच्या दाराशी भरलेल्या बंड्यांना थांबून राहणे आले. आणि थांबणे आले, की टेकू आलाच.

या लाकडी टेकूतील खरी युक्ती त्याच्या लांबीत होती. तो बैलाच्या मानेहून आखूड ठेवीत. धुरकऱ्याने जू उचलून बैलांच्या मानेवर ठेवले, की दांडी वर जाई आणि टेकूचे टोक आपोआप भूमीपासून सुटे. कित्येक बंड्यांत तो सैल अडकवलेला असे; वाटेत दगड लागलाच तर मागे झुले आणि पुढे जाऊ देई. टेकू उचलण्याचे काम अशा रीतीने बैल स्वतःच करीत असत. धुरकऱ्याला त्याची आठवण ठेवावी लागत नसे, हे या साध्या लाकडाचे सर्वांत मोठे श्रेय म्हटले पाहिजे.

1959 साली फरिदाबाद येथे आयशर कंपनीने देशात बनविलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. 1963 पासून मुंबईच्या महिंद्र कंपनीनेही इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने या धंद्यात पाऊल टाकले. ट्रॅक्टरामागून दोनचाकी ट्रॉली आली आणि लाकडाच्या जागी लोखंडी नळीत फिरणारा स्क्रूचा जॅक बसला. हा जॅक लाकडाहून कितीतरी बलवान. हातातील दांडा फिरवावा, आणि माणसांनाही न उचलणारी दांडी बोटाबोटाने वर यावी. परंतु ट्रॅक्टरचा हुक बैलाच्या मानेसारखा उंच नाही. जॅकने दांडी नेमकी हुकाच्या उंचीवर आणली, खीळ घातली, तरी जॅकचा पाय जमिनीवरच असतो. बैल जे काम न सांगता करीत होता, ते आता माणसाच्या स्मरणावर येऊन पडले.

नुकसान होते ते येथेच. उभ्या भाराला जॅक भक्कम असतो, कारण भार सरळ स्क्रूच्या अक्षातून खाली उतरतो. चालत्या ट्रॉलीत मात्र बांधीच्या धुऱ्याला किंवा रेल्वे फाटकाच्या उंचवट्याला त्याचा पाय अडला, की मागून येणारा सारा भार त्याच्या टोकावर आडवा बसतो. लांब नळीचे टोक अडवावे आणि बुंध्याशी जोर पडावा, तसेच ते. नळी किंचित वाकली तरी आतील स्क्रू आवळतो. मग पाय वरही जात नाही आणि खालीही येत नाही. अर्ध्या वाटेवर धानाने भरलेली ट्रॉली सोडावयाची म्हटली, तर ती टेकवावी कशावर?

उपाय अवघड नाहीत. आळस तेवढा टाळावा लागतो. खीळ पक्की झाल्याची खात्री करून पाय पूर्ण वर घ्यावा. जॅक आडवा वळणारा असल्यास वळवून त्याची पिन घालावी आणि ती पिन साखळीने बांधून ठेवावी, नाहीतर ती पहिल्याच हंगामात शेतात हरवते. निघण्यापूर्वी ट्रॉलीभोवती एक फेरी पुरते. सोडताना आधी चाकांना दगड लावावेत. ट्रॉली बाजूला ढकलण्यासाठी जॅकवर जोर देणे ही तर त्याला वाकविण्याची दुसरी खात्रीची रीत होय.

आणि ओल्या बांधीत स्क्रू फार लांब बाहेर काढू नये, कारण जितका तो बाहेर, तितका वाकण्यास सोपा. त्यापेक्षा पायाखाली एक जाड लाकडी ठोकळा ठेवावा. त्याने पाय चिखलात रुतत नाही आणि जॅकही आखूड राहतो. मात्र निघतेवेळी तो ठोकळा उचलून ट्रॉलीत टाकण्यास विसरू नये.