कॉल, अप्लाय आणि बाइंड

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन कोणत्या ऑब्जेक्टच्या वतीने चालवायचे आणि त्याला कोणती आर्ग्युमेंट द्यायची, हे ऐनवेळी ठरवण्यासाठी असलेल्या तीन मेथड. कॉल आणि अप्लाय ईसीएमएस्क्रिप्ट मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीत (1999) आल्या, बाइंड पाचव्या आवृत्तीत (2009).

फंक्शन ज्या ऑब्जेक्टच्या वतीने चालते, त्याला फंक्शनच्या आत ‘धिस’ म्हणतात. साध्या फंक्शनमधला ‘धिस’ म्हणजे कोण, हे फंक्शन लिहिताना ठरत नाही, ते चालवताना ठरते. नवशिके अनेकदा इथेच अडखळतात. समजा, रेल्वे स्थानकांसाठी ‘उद्घोषणा’ हे फंक्शन लिहिले आणि त्यात ‘धिस.पुढचे’ वाचले. ‘पेण’ या ऑब्जेक्टमध्ये ‘पुढचे’ची किंमत कासू, तर ‘रोहा’मध्ये कोलाड. (अशी देवनागरी नावे जावास्क्रिप्टला खरोखर चालतात, भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात.)

उद्घोषणा.कॉल(पेण, "दिवा–सावंतवाडी", 1)

कंसातले पहिले पेण ‘धिस’ होते, पुढची दोन म्हणजे गाडीचे नाव आणि फलाट ही फंक्शनची आर्ग्युमेंट. यातून कासूची घोषणा होते. पेणच्या जागी रोहा लिहा, कोलाडची होईल. फंक्शनमधले एक अक्षरही बदलावे लागत नाही. दिवा–सावंतवाडी गाडीसुद्धा रोह्यापर्यंत मध्य रेल्वेच्या हद्दीत आणि पुढे कोकण रेल्वेच्या हद्दीत धावते. गाडी तीच, अखत्यारी वेगळी.

अप्लाय तेच काम करते, फक्त आर्ग्युमेंट एका अ‍ॅरेत घेते. किती आर्ग्युमेंट येतील हे आधी माहीत नसेल तेव्हा तिचा उपयोग. 2015 च्या आवृत्तीत तीन टिंबांची स्प्रेड रचना आली आणि अप्लायची गरज बरीच कमी झाली. नव्या कोडमध्ये स्प्रेडच वाचायला सोपी. अ‍ॅरे फार मोठा असेल तर दोन्ही रचना इंजिनच्या मर्यादेला धडकून एरर देऊ शकतात.

बाइंड फंक्शन लगेच चालवत नाही. ‘धिस’ पक्का केलेले नवे फंक्शन परत देते. उद्घोषणा पेणमध्येच मेथड म्हणून ठेवली आणि पेण.उद्घोषणा टायमरला नुसती सोपवली, तर तिचा पेणशी संबंध तुटतो आणि ‘पुढचे’ची किंमत मिळत नाही. तिथे पेण.उद्घोषणा.बाइंड(पेण) द्यावे. एकदा बांधलेला ‘धिस’ पुढे कॉलनेही बदलत नाही. अ‍ॅरो फंक्शनला स्वतःचा ‘धिस’ नसतोच, त्यामुळे त्याच्यावर या तिन्हींपैकी कशानेही ‘धिस’ लादता येत नाही.

फंक्शनचे नावच स्ट्रिंगमधून येत असेल, तर ऑब्जेक्टपुढे चौकोनी कंसात ते देऊन मेथड शोधता येते आणि मग या तिन्हींपैकी कोणतीही तिच्यावर वापरता येते. ते नाव बाहेरून, वापरणाऱ्याकडून येत असेल तर आधी परवानगी दिलेल्या नावांच्या यादीशी ताडून पाहावे. या कामासाठी एव्हाल हे फंक्शन वापरणे सरळ टाळावे, कारण त्याने बाहेरून आलेला कोणताही मजकूर प्रोग्राम म्हणून चालतो.